पोपटाचा डोळा आणि तीन पिनांचा प्लग

गुडगावचं गुरुग्राम २०१६ साली झालं. पांडवांनी द्रोणाचार्यांना गुरुदक्षिणेत दिलेलं हे गाव, अशी इथली जुनी श्रद्धा. सरकारने तिच्यावर शिक्का मारला एवढंच. शिक्क्यामुळे गावातले गुरू वाढले की नाही ते सांगता येणार नाही, पाट्या मात्र वाढल्या. मेट्रोच्या यलो लाइनवर द्रोणाचार्यांच्या नावाचं स्टेशन तर नामांतराच्या आधीपासून आहे, आणि पलीकडे खांडसा गावात एकलव्याचं देऊळही आहे. म्हणजे गुरूसमोर बसून शिकलेले आणि गुरूच्या मातीच्या मूर्तीसमोर उभं राहून शिकलेला, दोघांचाही पत्ता एकाच महापालिकेत. देशातली पहिली मारुती ८०० बनली तीही इथेच. १४ डिसेंबर १९८३ ला तिची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडली. अस्त्रविद्या आणि यंत्रविद्या असा दुहेरी वारसा लाभलेल्या या शहरात पंच्याण्णव टक्के मिळवणाऱ्या दहावीच्या मुलाला गाडीची स्टेपनी बदलता येत नाही. त्याला ती कशी बदलतात यावर पाच मुद्दे लिहिता येतात, हा भाग वेगळा.

दोष थेट द्रोणाचार्यांपर्यंत नेता येईल. आदिपर्वातली ती गाजलेली परीक्षा आठवा. झाडाच्या शेंड्यावर पक्षी ठेवलेला. आपल्याकडे गोष्ट सांगताना त्याचा पोपट होतो, महाभारतात तो ‘भास’ नावाचा पक्षी आहे, आणि खरा नाही, कारागिरांकडून बनवून घेतलेला आहे. राजपुत्र धनुष्य ताणून उभे. गुरुजी एकेकाला विचारतात, काय दिसतं? युधिष्ठिराला झाड दिसतं, भाऊ दिसतात, गुरुजीही दिसतात. अत्यंत खरं उत्तर, आणि म्हणून नापास. मग दुर्योधन, मग भीम, मग बाकीचे. सगळ्यांना तोच प्रश्न, सगळ्यांचं तेच उत्तर, सगळ्यांना ‘हो बाजूला’. यांतल्या एकालाही गुरुजींनी बाण सोडू दिला नाही! अर्जुनाने पक्ष्याचं फक्त डोकं दिसतं म्हटलं (गोष्टीत त्याचा डोळा होतो), तेव्हा कुठे एक बाण सुटला. म्हणजे आपल्या परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध प्रात्यक्षिक परीक्षा मुळात तोंडी परीक्षा होती, आणि एक सोडून सगळ्यांचा निकाल प्रात्यक्षिकाआधीच लागला. कोण जाणे, भीमाचा बाण लागलाही असता. जर्नलवर सही, दोन प्रश्न, ‘पाठव पुढचा’ ही पद्धत इंग्रजांनी आणली असं ज्यांना वाटतं, त्यांनी आदिपर्व पुन्हा वाचावं.

त्या मानाने आजचं केंद्रीय मंडळ फारच उदार आहे. सीबीएसईने नववी-दहावीला कौशल्याचे विषय दिले आहेत, प्रत्येकाला क्रमांक दिला आहे (माहिती तंत्रज्ञान ४०२, कृत्रिम बुद्धिमत्ता ४१७), आणि गुणांची वाटणी चक्क निम्मी-निम्मी केली आहे, लेखी ५० आणि प्रात्यक्षिक ५०. लेखीतले दहा गुण ‘रोजगारक्षमता कौशल्ये’ या भागाला. त्यात पाच पोटभाग: संवाद, स्वयंव्यवस्थापन, संगणक, उद्योजकता आणि हरित कौशल्यं. प्रत्येकी दोन गुण. माणसाने स्वतःला कसं आवरावं हे सांगायला समर्थांना दासबोधाचे वीस दशक लागले. इथे ते दोन गुणांत उरकतं, आणि एखाद्याने ऑप्शनला टाकलं तरी फारसं बिघडत नाही. पण खरी गंमत पुढे आहे. कौशल्याचा विषय सहसा सहावा म्हणून घेतात. विद्यार्थी विज्ञान, गणित किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एकात गचकला आणि कौशल्यात पास असला, तर कौशल्याचा विषय उचलून त्या जागी बसवायची सोय मंडळाने केलेली आहे. गाडीच्या भाषेत याला स्टेपनी म्हणतात. चार चाकं धड असेपर्यंत ती डिकीत पडून असते, तिच्यात हवा आहे की नाही हे कोणी बघत नाही, आणि बदलायची वेळ आली की ड्रायव्हरला फोन जातो.

हे आजचं नाही. मुलांच्या हाताला काम शिकवावं हा विचार या देशात अनेकदा जन्मला आणि दर वेळी त्याचं बारसं नव्या नावाने झालं. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, नाव पडलं नई तालीम. कल्पना अशी की हस्तोद्योग हा शाळेतला एक तास नसून गणित, भूगोल, इतिहास सगळं त्या चरख्याभोवती फिरावं. मग कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ च्या दरम्यान विचार करून ‘कार्यानुभव’ आणला. मग १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ सुचवलं. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा पोरांनी ‘काही उपयोगी तास वाया’ असा विस्तार करून टाकला, आणि समितीच्या अहवालातलं बाकी सगळं विसरलं गेलं तरी तो विस्तार देशभर टिकून राहिला. महाराष्ट्रात ‘कार्यानुभव’ हा शब्द उच्चारला की एका अख्ख्या पिढीला फिनेलचा वास येतो. खडू, मेणबत्त्या, फिनेल, लोकरीचं तोरण, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. घर आईने बांधायचं, तोरण मावशीने विणायचं, आणि ‘साहित्य, कृती, उपयोग’ अशा तीन मथळ्यांची वही विद्यार्थ्याने लिहायची. ते फिनेल कोणत्या फरशीवर पडलं, तिथले जंतू मेले का, हे कोणी विचारलं नाही. वही मात्र तपासली जायची. घोडं पेंड खातं ते इथेच.

गेली ऐंशी-नव्वद वर्षं आपण अभ्यासक्रम बदलत आलो आहोत आणि परीक्षक तसाच ठेवला आहे. परीक्षकाची गरज काय असते? त्याला तीन तासांत चाळीस मुलं संपवायची असतात. त्याला मेणबत्तीविषयी उत्तर मिळालं तरी भागतं. वीज गेलेल्या घरातल्या बाईचं उत्तराने भागत नाही, तिला मेणबत्ती पेटलेली पाहिजे असते, आणि ती फडफडली की ती कोणाचीही भीड न ठेवता तसं सांगते. म्हणून कौशल्य शिकवणाऱ्या शिक्षकाचं मुख्य काम शिकवणं हे नव्हेच. मुलाच्या पुढ्यात एक खरं गिऱ्हाईक आणून उभं करायचं आणि आपण दोन पावलं मागे सरायचं, एवढं ज्याला जमलं त्याने गड जिंकला. ऐकायला सोपं वाटतं. शिक्षकाला मागे सरायला सांगणं किती अवघड असतं, हे शिक्षकाच्या घरात राहणाऱ्यांना विचारावं.

गुरुग्रामच्या कुठल्याही बऱ्या शाळेतलं वार्षिक प्रदर्शन पाहिलं तर हा फरक टेबलावर मांडलेला दिसतो. त्यात ‘स्मार्ट डस्टबिन’ असतोच असतो. समोर अल्ट्रासोनिक सेन्सरचे घुबडासारखे दोन डोळे, आत एक छोटी निळी सर्वो मोटर, आर्डुइनोचा बोर्ड, रंगीबेरंगी वायरींचा गुंता, वरून चकचकीत कागद. हात जवळ नेला की झाकण उघडतं. पालक हात नेतात, झाकण उघडतं. मुख्याध्यापक हात नेतात, झाकण उघडतं. प्रमुख पाहुणे हात नेतात तेव्हा नेमकं उघडत नाही आणि एक मुलगा खालून बोटाने उचलतो. दिवसभरात त्यात एकच गोष्ट पडत नाही, ती म्हणजे कचरा. कोणी केळ्याची साल टाकायला गेला तर ‘काका, मॉडेल आहे’ म्हणून त्याला अडवतात. खरा डबा टेबलाखाली असतो आणि तो दर तासाला मावशी उचलून नेतात. इकडे फरिदाबादच्या रस्त्यावर बंधवाडीला दोन्ही शहरांच्या कचऱ्याचा डोंगर झाला आहे, तिथे जाणाऱ्या कचऱ्याला कोणी स्वतःहून झाकण उघडून देत नाही. सेन्सर वाईट आहे असं मुळीच नाही, पोरांनी प्रोग्रॅम लिहिला ही गोष्टही खरी. पण त्या डब्याला एक मालक हवा होता. शाळेच्या कँटीनवाल्याला तो आठवडाभर वापरायला दिला असता, तर तिसऱ्या दिवशी आमटीने सेन्सर आंधळा झाला असता, पाचव्या दिवशी मोटरीचा दात तुटला असता, आणि सहाव्या दिवशी मुलांना जे कळलं असतं ते कोणत्याही पुस्तकात नाही. त्या सहाव्या दिवसाला गुण देण्याची सोय नसल्यामुळे प्रदर्शन एकाच दिवसाचं असतं.

दुसरी वस्तू याहून साधी घेऊ. तीन पिनांचा प्लग. दहावीच्या एनसीईआरटीच्या विज्ञानात घरगुती वीजजोडणीचं वर्णन आहे: जिवंत तार बहुधा लाल आवरणाची, न्यूट्रल काळ्या आवरणाची, अर्थिंग हिरवी. हे देशातल्या लाखो मुलांना पाठ आहे. आता यातल्या एकाच्या हातात बंद पडलेली इस्त्री आणि एक पेचकस द्या. मधला स्क्रू सैल करायचा, झाकण निघतं, आत तीन तारा: एक तपकिरी, एक निळी, एक हिरव्यावर पिवळी पट्टी असलेली. लालही नाही, काळीही नाही. दहा सेकंदांत अख्खा धडा गारद. आजकालच्या उपकरणांच्या वायरींचे रंग आंतरराष्ट्रीय पद्धतीचे असतात, एवढं सांगायला इस्त्री लागते. मग तो तार सोलतो. पहिल्यांदा सोलताना तांब्याचे निम्मे केस तुटून येतात. दुसऱ्यांदा हात हलका होतो. केस पिळून त्यांची वात करायची, नाहीतर एखादा सुटा केस शेजारच्या पिनेला जाऊन भेटतो आणि मग जी भेट होते ती सगळ्या मजल्याला कळते. मोठी पिन सर्वांत लांब का, हा प्रश्न त्याला आपोआप पडतो, कारण ती हातात असते: प्लग आत जाताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि बाहेर येताना शेवटी सुटावं म्हणून. सगळं मिळून एक तास, पुढच्या खेपेला दहा मिनिटं. पण हा तास प्रयोगशाळेतल्या इस्त्रीवर झाला तर अर्धाच शिकून होतो. इस्त्री शेजारच्या काकूंची असायला हवी, काकूंना संध्याकाळी लग्नाला जायचं असायला हवं, आणि इस्त्री तापली नाही तर त्या परत येणार हे मुलाला पक्कं ठाऊक असायला हवं.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर पाबळला जाऊन यावं. शिरूर तालुक्यातलं हे गाव पावसाच्या बाबतीत कायम उधारीवर. अमेरिकेतून पीएच.डी. होऊन आलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन करणारे डॉ. श्रीनाथ कलबाग नोकरी सोडून १९८३ मध्ये इथे आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेल्या मुलांना हाताने कामं करायला लावून शिकवायचं हा उद्योग. पुढे त्यातून शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला आणि महाराष्ट्राच्या माध्यमिक मंडळाने तो मान्यही केला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस, चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. पण विभाग काय, कोणीही पाडतं. कलबागांनी त्याला एक कलम जोडलं: जे शिकाल त्याची सेवा गावाला द्यायची. म्हणजे वेल्डिंग शिकायचं ते कोणाचं तरी फाटक जोडून, रक्तगट तपासायला शिकायचं ते खऱ्या माणसाच्या बोटाला टोचून, मातीची परीक्षा करायची ती खऱ्या शेतकऱ्याच्या वावरातली. शिकवायला गावातलाच कारागीर. फाटक वाकडं लागलं तर ते रोज येता-जाता गावाला दिसतं; त्यावर फेरतपासणीचा अर्ज करता येत नाही. इथल्या मुलांनी घुमटाकार घरं उभारली, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांची फॅब लॅब इथे आली. मॅसॅच्युसेट्सला जे पाबळमध्ये सापडलं ते गुरुग्राममध्ये पेटीबंद किटातून मागवावं लागतं, हा भूगोलाचा दोष म्हणायचा की इतिहासाचा, ते भूगोलाच्या सरांनी ठरवावं.

शहरात हे जमत नाही असंही नाही. गुरुग्रामच्या शेजारीच दिल्ली सरकारने २०१९ मध्ये नववी ते बारावीच्या मुलांसाठी उद्योजकतेचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि २०२१ पासून ‘बिझनेस ब्लास्टर्स’ या नावाखाली अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी २,००० रुपये भांडवल म्हणून दिले. करा धंदा. नाव जरा फटाक्यांच्या माळेचं वाटतं, टीव्हीवर कार्यक्रमही झाला, आणि त्यात जाहिरातीचा वाटा किती यावर हवं तेवढं भांडावं. पण दोन हजारांची बांधिलकी फार वेगळी असते. चॉकलेटं, रंगवलेल्या पणत्या, जे काही केलं ते कोणाला तरी विकायचं होतं, आणि दुकानदार ‘छान प्रयत्न’ असा शेरा मारून माल विकत घेत नाही.

आता आक्षेप. पहिला, आणि गुरुग्राममध्ये सर्वांत जोरदार: हे सगळं कशाला? अर्बन कंपनीचं मुख्यालय याच शहरात आहे. किराणा दहा मिनिटांत आणून देणाऱ्यांचंही आहे. बटण दाबलं की प्लंबर, बटण दाबलं की इलेक्ट्रिशियन. मुलाने तो तास गणिताला दिला तर तो उद्या असे शंभर प्लग बदलून घेण्याइतकं कमावेल. हिशेब चोख आहे, फक्त एक गोष्ट सुटते. हाच मुलगा उद्या त्या कंपन्यांत बसून ठरवणार आहे की नळ बदलायला किती मिनिटं लागतात. गंजलेला नट कधी फिरतच नाही, मग रॉकेल सोडून वाट पाहावी लागते, हे ज्याच्या मनगटाला ठाऊक नाही, त्याच्या पडद्यावर प्रत्येक नळ वीस मिनिटांत बदलतो. आणि जुलै २०१६ सारखा पाऊस झाला, शहर रात्रभर रस्त्यावर अडकलं, नामांतराच्या गडबडीत लोकांनी गावाला ‘गुरुजाम’ हे तिसरं नाव देऊन टाकलं, तेव्हा हीरो होंडा चौकात बटणं सगळ्यांकडे होती. गाडी ढकलायचं मनुष्यबळ मात्र पायी चाललेल्यांतूनच मिळवावं लागलं.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. हाताचं काम शिकवायचं म्हणजे गरिबाच्या मुलाला गरिबाच्याच कामाला जुंपायचं, हा संशय नई तालीमवरही घेतला गेला होता, आणि तो निराधार नव्हता. हरियाणानेच देशात आधी पाऊल टाकून २०१२ मध्ये चाळीस सरकारी शाळांत व्यवसाय शिक्षण सुरू केलं. पहिले विषय चार: माहिती तंत्रज्ञान, किरकोळ विक्री, मोटार दुरुस्ती आणि सुरक्षा. सुरक्षा म्हणजे पहारा. तेव्हा चित्र असं झालं: फाटकाबाहेरच्या सरकारी शाळेतला मुलगा फाटक राखायला शिकतो आणि फाटकाआतल्या शाळेतला मुलगा आपोआप उघडणारं फाटक बनवायला शिकतो. दोघांचंही नाव कौशल्यच. दुसऱ्याचा प्रकल्प यशस्वी झाला तर पहिल्याची नोकरी जाणार, एवढाच काय तो दोन्ही अभ्यासक्रमांतला समन्वय. आणि पहिल्याला रोजगारक्षमता शिकवणारे व्यवसाय शिक्षक स्वतः वर्षानुवर्षं कंत्राटावर. खांडशाच्या देवळातला देव हे सगळं ओळखत असणार. पण यावर उपाय म्हणून हाताचं काम बंद करायचं म्हटलं तर सोय फक्त फाटकाआतल्यांची होते. पेचकस दोघांच्याही हातात द्यायला हवा, आणि दोघांना एकाच टेबलाशी बसवता आलं तर फारच उत्तम. मोटार दुरुस्तीचा विषय घेतलेला मुलगा पंच्याण्णव टक्केवाल्याला स्टेपनी बदलायला शिकवतो आहे, हे दृश्य घडवून आणणाऱ्या शिक्षकाला द्रोणाचार्य म्हणू नये, त्यांच्यापेक्षा तो बरा.

तिसरा आक्षेप गुणांचा. गुण नसले तर मुलं मनावर घेत नाहीत, पालक तर नाहीच नाही. पण सायकल चालवायला गुण नव्हते, तरी गुडघे फोडून पोरं शिकली. गुण लागतात ते शेवट दिसत नसलेल्या कामाला. इस्त्री तापते किंवा तापत नाही. त्यात पन्नासपैकी सदतीस असं काही नसतं. सुरक्षेचं म्हणाल तर सोल्डरिंगच्या कामात बोट भाजतं, हे खरं आहे. ते प्रत्येकाचं भाजतं आणि साधारणपणे एकदाच. मुख्याध्यापकांना त्या एका फोडाची भीती वाटते ती डॉक्टरमुळे नव्हे, पालकांच्या व्हॉट्सॲप गटामुळे. त्यावर औषध विज्ञानात नाही.

राहिली जागा आणि माणसं. सीबीएसईने २०२४ मध्ये शाळांना कौशल्य प्रयोगशाळा उभारायला सांगितलं: ६०० चौरस फुटांची एक, किंवा ४०० च्या दोन. गुरुग्राममध्ये सहाशे चौरस फुटांचा भाव ऐकला की संस्थाचालकाला स्वयंव्यवस्थापनाचे दोन्ही गुण मिळवावे लागतात. अटल टिंकरिंग लॅबला केंद्राकडून २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, त्यातून थ्रीडी प्रिंटर येतो, आणि त्यावर सर्वप्रथम शाळेच्या बोधचिन्हाची कीचेन निघते. बऱ्याच ठिकाणी सर्वांत शेवटीही तीच निघते. शिक्षकांना तरी किती दोष द्यायचा? त्यांना निवडणुकीच्या याद्यांची कामं, जनगणना, पोर्टलवर माहिती भरणं ही अभ्यासक्रमाबाहेरची व्यावहारिक कौशल्यं सरकारने आधीच शिकवून ठेवलेली आहेत. बी.एड. झालेल्या बाईंना अचानक वेल्डिंग येणार नाही, आणि ते यायला हवं असा आग्रहही नाही. प्रत्येक सोसायटीत एक इलेक्ट्रिशियन असतो. पुण्याहून, सांगलीहून मुलाकडे तीन महिने राहायला आलेले एखादे आजोबा असतात, जे चौथ्या दिवशी घरातले सगळे नळ घट्ट करून झाल्यावर पाना-पक्कड घेऊन उदास बसलेले असतात. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ बसायला. दहावीच्या मुलाच्या दप्तराचं वजन मात्र धोरणालाही उचलवलं नाही. शिक्षकाने करायचं ते इतकंच: शनिवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबलं, त्या आजोबांना एक खुर्ची, इलेक्ट्रिशियनला त्याच्या कामाचे पैसे, आणि फाटकावर एक पाटी, ‘बिघडलेलं आणा’.

पहिल्या शनिवारी लोक भंगार आणतील. दुसऱ्या शनिवारी मिक्सर, पंखा, चेन अडकलेली बॅग येईल. यांतल्या काही वस्तू दुरुस्त होतील, एक-दोन जास्त बिघडतील, आणि मग तिसऱ्या शनिवारी एक काकू येऊन टेबलावर मिक्सर आपटतील आणि विचारतील, हा कोणी उघडला होता? त्या क्षणी सर पुढे झाले तर सगळं मुसळ केरात. त्यांनी खिडकीबाहेर बघत राहायचं. ज्याने उघडला होता तो मुलगा उठेल, मिक्सर उलटा करेल, खालचे तीन स्क्रू काढेल आणि चौथा सापडत नाही म्हणून जमिनीवर रांगत शोधेल. चौथा गेल्या शनिवारी त्यानेच लावायचा राहिलेला असतो.

आदिपर्वातल्या त्या झाडाखाली सगळे राजपुत्र हजर होते. पक्षी बनवणारे कारागीर तिथे होते की नाही, महाभारत सांगत नाही. असतील तर तेही बहुधा असंच खाली बघत उभे असतील, बाण लागून पक्षी पडला की त्याचे तुकडे गोळा करायला.